नागपूरचा एक छापखाना आणि चार पत्रे

वृत्तपत्रांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडून गेली आहे. त्यात थोर संपादक येतात, त्यांचे गाजलेले अग्रलेख येतात, त्यांच्यावरील राजद्रोहाचे खटले येतात. परंतु ते लेख ज्या खिळ्यांनी छापले गेले ते खिळे कोणाच्या मालकीचे होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांस कोणत्याही छापखान्याचे दार उघडे होते त्यांच्या बाबतीत या प्रश्नास फारसे महत्त्व नाही, हे खरे. पण ज्या माणसाचा स्पर्शच समाजाने निषिद्ध मानला होता, त्याच्या बाबतीत सारा इतिहास या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. नागपूरच्या किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० साली स्वतःचा छापखाना घातला आणि त्या सालापासून १९३६ पर्यंत, मध्ये खंड पडत पडत, चार पत्रे चालविली. या उद्योगाने त्यांस काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम त्या काळच्या नागपुराकडे पाहू. १९०७ साली माधवराव सप्रे यांनी तेथे 'हिंदी केसरी' सुरू केला. त्याच सुमारास अच्युत बळवंत कोल्हटकर 'देशसेवका'तून आपली धारदार लेखणी चालवीत होते. त्या वर्षीची राष्ट्रसभा नागपुरास भरावयाची होती; पण जहाल व मवाळ यांच्यातील वाद तेथे इतका विकोपास गेला की, ती सुरतेस न्यावी लागली. पुढच्या वर्षी सरकारचा रोष कोसळला. लोकमान्य टिळकांस जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ऑगस्टमध्ये सप्रे पकडले गेले आणि कोल्हटकरांसही राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंग पाहावा लागला. बंगालमधील बाँबच्या प्रकरणानंतर सरकारच्या कागदपत्रांत 'अराजक' हा शब्द वरचेवर दिसू लागला होता. जो कोणी राज्यकर्त्यांच्या विरुद्ध तीव्र लिहील तो अराजक, इतका त्या शब्दाचा अर्थ सैल झाला. १९१९ साली ज्या कायद्यास आपण रौलट कायदा म्हणतो, त्याच्या अधिकृत नावातही 'अराजक' हाच शब्द होता.

या भीतीतून १९१० च्या फेब्रुवारीत मुद्रणाचा नवा कायदा आला. नवीन छापखाना काढणाऱ्याकडून पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार त्याने मॅजिस्ट्रेटास दिला. मजकूर आक्षेपार्ह ठरल्यास ती अनामत जप्त होई. मॅजिस्ट्रेटास योग्य वाटल्यास सूट देता येत असे. परंतु सूट ही कृपा, हक्क नव्हे. धनवान मालकाच्या दैनिकास ही रक्कम जड वाटली तरी पेलण्याजोगी होती. लहान छापखानेवाल्याचा मात्र ती जन्मच खाऊन टाकणारी होती. बनसोडे यांच्या छापखान्याचे साल हेच आहे. नवीन छापखाना काढण्यास याहून प्रतिकूल वर्ष शोधूनही सापडले नसते.

बनसोडे यांचा जन्म १८७९ साली नागपूर जिल्ह्यातील मोहपा या गावी, महार कुटुंबात झाला. कोल्हटकरांचे जन्मसालही तेच. एकाच सालात जन्मलेली ही दोन माणसे, एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी पत्रकर्ती झाली. पण एकाने ज्या राज्याविरुद्ध लेखणी उचलली ते सेक्रेटरिएटात बसलेले होते, दुसऱ्याने ज्याविरुद्ध उचलली ते पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर आणि शाळेच्या ओट्यावर बसलेले होते. या दुसऱ्या राज्यास चालविण्यासाठी इंग्रजांची गरज नव्हती आणि इंग्रज उद्या निघून गेला तरी ते आपोआप मोडणारे नव्हते. बनसोडे अराजक पंथाचे मुळीच नव्हते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी सरकारचे साहाय्य हवे, असे मानणाऱ्यांपैकीच ते होते. तरीही ज्या सत्तेस कोणताही लेखी कायदा नाही आणि जिच्यापुढे सर्वांची मान आपोआप लवते, त्या सत्तेस मोडू पाहणारा माणूस आपल्या समाजात कोणत्याही बाँबवाल्याइतकाच एकाकी असतो.

विदर्भातील महार समाजाची स्थिती इतर भागांहून थोडी निराळी होती. जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा त्यांच्यातील पुष्कळांच्या हाती होता. १८६७ साली नागपुरास आगगाडी आली आणि १८७७ च्या जानेवारीत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमागावरील कापडाचा बाजार बसत गेला. पण त्याबरोबरच रोख मजुरीचे एक नवे दार उघडले. महिन्याकाठी हाती पडणारी नाणी बलुत्याच्या धान्यासारखी कोणाच्या मर्जीने मिळत नव्हती. या नव्या वस्तीतूनच शाळा निघाल्या, सभा निघाल्या. शतकाच्या आरंभी बनसोडे यांनी 'सन्मार्ग बोधक निराश्रित समाज' स्थापन केला आणि १९०७ साली मुलींसाठी शाळा काढली. पत्र काढण्यापूर्वी त्यांनी शाळा काढली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वाचणारेच नसतील तर छापावयाचे कोणासाठी?

पण शाळा व सभा असताना छापखान्याचीच काय गरज पडली? मजकूर लिहावा आणि चार पैसे देऊन दुसऱ्याकडून छापून घ्यावा, असे कोणी म्हणेल. येथे छापखान्याच्या व्यवहाराकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. मराठी मजकूर जुळविणे हे इंग्रजीपेक्षा फार किचकट काम. जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या मिळून शेकडो प्रकारचे खिळे लागतात. कंपोझिटर केसासमोर उभा राहून एकेक खिळा उचलतो, ओळ भरतो, गॅलीत ठेवतो. त्यावरून मुद्रिते निघतात, ती लेखकाकडे जातात, दुरुस्त होऊन परत येतात. लेखक आणि जुळारी यांची अशी रोजची जा-ये असल्यावाचून पत्र निघत नाही. ज्याला उंबऱ्याच्या आत घेणे हाच विटाळ, त्याची हस्तलिखिते घ्यावयाची कोणी आणि मुद्रिते द्यावयाची कशी? ही अडचण दूर झाली तरी दुसरी उरतेच. छापखान्याचा मालक पैसे घेईल. पण गावातील प्रतिष्ठितांच्या विरुद्ध मजकूर आला की, त्याचे इतर गिऱ्हाईक तुटण्याची भीती त्यास राहीलच.

ही भीती काल्पनिक नव्हती. १९२० साली डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची जाहिरात, तिचे पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापली नाही, हे धनंजय कीर यांनी आपल्या आंबेडकर-चरित्रात नमूद केले आहे. जेथे पैसे मोजून चार ओळींची जाहिरात येत नाही, तेथे चार रकान्यांचा लेख कोठून येणार? आणि आलाच तरी तो दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून केलेला अर्ज ठरतो. कोणता शब्द ठेवावा, कोणता गाळावा, खाली कोणती संपादकीय टीप जोडावी, हे ठरविणारा दुसराच असतो. स्वतःचे पत्र काढणे म्हणजे अर्जदाराच्या जागेवरून उठून न्यायासनावर बसणे होय. बनसोडे यांच्या छापखान्याचे मर्म मला यातच दिसते.

परदेशातील एक उदाहरण येथे समर्पक होईल. ज्या १८७९ साली बनसोडे जन्मले, त्याच साली रशियातून परागंदा झालेल्या प्रिन्स क्रोपोटकिनने जिनीव्हा येथे 'ल रेव्होल्ते' हे पत्र काढले. तो खराखुरा, शास्त्रोक्त अराजकवादी. आरंभी त्याच्या मंडळींजवळ अवघे तेवीस फ्रँक होते, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. पत्र खपू लागले, तोच छापखानेवाल्याने हात वर केले. हे पत्र छापले तर सरकारी कामे जातील, अशी त्यास ताकीद मिळाली होती. दुसरा कोणी छापावयास तयार होईना. शेवटी उधारीवर सामान घेऊन त्या मंडळींनी आपला छापखाना थाटला. स्वित्झर्लंडसारख्या स्वतंत्र देशात, एका जन्माने सरदार असलेल्या विद्वानासही दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबता आले नाही. मग मोहप्याच्या एका महार तरुणाने नागपुरात तोच मार्ग धरला, यात नवल ते काय! दोघांच्या मतांत काही साम्य नव्हते. साम्य होते ते अडचणीत, आणि अडचणीवर काढलेल्या उपायात.

याच ठिकाणी कायद्याची एक गंमत सांगितली पाहिजे. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणीच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे स्थळ घालावे लागे आणि छापखानेवाल्यास मॅजिस्ट्रेटासमोर आपले प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. हेतू होता पाळत ठेवण्याचा. पण या कायद्याने प्रतिज्ञापत्र देणाऱ्याची जात विचारली नव्हती. ज्याचे नाव गावच्या कोणत्याही मानाच्या यादीत लागत नव्हते, त्याचे नाव कायद्याच्या हुकुमाने पानाच्या तळाशी छापले जाऊ लागले. पाळतीसाठी आखलेली ती ओळ अशा माणसाच्या हाती सहीच ठरली.

आता त्यांच्या चार पत्रांकडे वळू. पत्राचे नाव हा संपादकाचा पहिला अग्रलेख असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि बनसोडे यांची चार नावे ओळीने वाचली की, एका समाजाच्या पंचवीस वर्षांच्या मनःस्थितीचा आलेखच डोळ्यांपुढे उभा राहतो.

पहिले नाव 'निराश्रित हिंद नागरिक', साल १९१०. 'निराश्रित' हा त्या काळचा सौम्य, सुधारकी शब्द. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जी संस्था स्थापिली तिचे नाव 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी' होते. निराश्रित म्हटला की, आश्रय देणारा कोणीतरी दुसरा असावा लागतो; त्या शब्दात दया आहे, हक्क नाही. परंतु बनसोडे यांनी त्याच्यापुढे 'हिंद नागरिक' हे दोन शब्द जोडले आणि सारा अर्थ पालटून टाकला. ज्या काळी मोठमोठे पुढारीही स्वतःस बादशहाचे प्रजानन म्हणवीत, त्या काळी गावकुसाबाहेरचा माणूस स्वतःस नागरिक म्हणवून घेतो, आणि तेही हिंदचा! पहिला शब्द समाजाने दिलेला, पुढले दोन स्वतः घेतलेले. दिलेले आणि घेतलेले यांच्यातील सारा झगडा या एका शीर्षकात आला आहे.

दुसरे, १९१३ चे 'विटाळ विध्वंसक'. येथे दयेची भाषा संपली. हे नाव वाचताच दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांच्या १८८८ मधील 'विटाळ विध्वंसन' या पुस्तिकेची आठवण होते. वलंगकर सैन्यातून निवृत्त झालेले; जोतीराव फुल्यांच्या विचारांचे वारस. कोकणातील एका जुन्या सैनिकाचा शब्द पंचवीस वर्षांनी नागपुरात पत्राच्या शिरोभागी झळकतो. वलंगकरांची पुस्तिका एकदा छापून झाली. नियतकालिकाचे काम निराळे. पुस्तक एकदा बोलून थांबते, पत्र दर खेपेस पुन्हा येऊन दार ठोठावते. म्हणूनच 'विध्वंसन' या क्रियेचा 'विध्वंसक' हा कर्ता झाला, असे मी समजतो.

तिसरे 'मजूर पत्रिका', १९१८ ते १९२२. महायुद्धाने महागाई आकाशास भिडली होती आणि गिरण्यांत असंतोष धुमसत होता. एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून १८७७ सालीच संप झाल्याचा उल्लेख कामगार चळवळीच्या इतिहासात येतो. पण कामगारांची अखिल भारतीय संघटना मुंबईत स्थापन झाली ती १९२० साली. बनसोडे यांचे पत्र तिच्याही दोन वर्षे आधीचे. जातीच्या नावावरून ते धंद्याच्या नावाकडे का वळले? याचे एक कारण उघड आहे. 'मजूर' म्हटल्याने गिरणीतील सर्व जातींचे कष्टकरी एका छत्राखाली येतात. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत 'दीनबंधू'तून हीच वाट मळली होती. तथापि गिरणीतही विटाळ संपत नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांस विणाई खात्यात घेत नसत. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. यंत्र नवे आले, पण त्याच्याभोवती जुनाच समाज उभा होता. या पत्राच्या आयुष्यातच, १९२० साली, नागपुराने दोन मोठे मेळावे पाहिले. मे महिन्याच्या अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली व तीत तरुण आंबेडकर बोलले. डिसेंबरात राष्ट्रसभेने तेथेच असहकारितेवर शिक्कामोर्तब केले. दोन्ही मेळाव्यांत 'स्वराज्य' व 'न्याय' हे शब्द घुमले. पण त्यांचे अर्थ एक नव्हते.

चौथे व शेवटचे 'चोखामेळा', १९३१ ते १९३६. नागरिक, विध्वंसक, मजूर, आणि अखेर संत! हा प्रवास वरवर पाहता उलटा वाटतो. बनसोडे स्वतः कविता लिहीत. चोखोबांच्या अभंगांत त्यांस आपल्याच समाजाचा स्वाभिमान दिसत असला पाहिजे. पण काळ झपाट्याने पुढे गेला होता. १९३० च्या ऑगस्टात नागपुरासच अस्पृश्य वर्गाची अखिल भारतीय परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. नाशिकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा डॉ. आंबेडकरांनी केली. बनसोडे यांनी धर्मांतरास विरोध केला. हिंदू धर्मात राहूनच सुधारणा व्हावी, संतपरंपरा आपलीच आहे, ती का सोडावी, ही त्यांची भूमिका. समाज आंबेडकरांच्या मागे गेला. ज्या माणसाने वस्तीस छापील अक्षर दाखविले, त्याचेच अक्षर वस्तीने बाजूस ठेवले. १९४६ साली ते निवर्तले. पंढरीच्या विठ्ठलाचे दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर अस्पृश्यांस उघडले ते त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. आणि १९५६ च्या ऑक्टोबरात त्यांच्याच नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

बनसोडे यांच्या आयुष्यातील हा भाग पुष्कळांस अडचणीचा वाटतो. त्यांचे नाव घ्यावे तर १९३६ लपवावे लागते आणि १९३६ सांगावे तर १९१० विसरले जाते. मला हे दोन्ही मार्ग चुकीचे वाटतात. ज्याने स्वतःचा छापखाना काढला त्याने इतरांच्या मतापासून मुक्तता विकत घेतली. या 'इतरां'त त्याचा स्वतःचा समाजही येतो. दुसऱ्याच्या पत्रात लिहिणारा माणूस वारा पाहून गप्प बसू शकतो. स्वतःच्या पत्रास मौन परवडत नाही. त्यास आपले मत, ते चूक असले तरी, छापूनच मांडावे लागते. १९१० च्या निर्भयतेचे आणि १९३६ च्या एकाकीपणाचे मूळ एकच आहे. मात्र स्वतःच्या पत्रास संस्थेचे बळ नसते, देणगीदाराचे नसते, सरकारचे नसते; त्यास असते केवळ वाचकाच्या संमतीचे बळ. ती संमती गेली की, खिळे आपले असूनही उपयोगाचे राहत नाहीत. येथे वाचकाचाही हक्क आहे, आणि वस्तीने तो बजावला, हेही तितकेच खरे. शिवाय चोखोबांस आंबेडकरांनी सर्वस्वी दूर लोटले होते असेही नाही. अस्पृश्यतेच्या उगमावरील त्यांचा १९४८ चा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. मार्ग दोन झाले. पण आदराचे स्थान अगदीच दोन झाले नव्हते.

ही पत्रे अल्पायुषी ठरली म्हणून ती फसली, असे म्हणता येईल काय? १९१० सालीच मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' काढला आणि तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून तो अर्धशतकाहून अधिक काळ चालविला. त्या चिकाटीस तोड नाही. परंतु त्यामागे पाटीलकीचे घर व शेती होती, हे विसरता येत नाही. ज्याच्या वर्गणीदारास आठवड्याची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याच्या पत्रास टिकण्याचा तो मापदंड कसा लावावा? 'मूकनायका'स शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी तेही बंद पडले. 'बहिष्कृत भारता'चे चोवीस चोवीस रकाने आपणास एकट्यास भरून काढावे लागतात, हे डॉ. आंबेडकरांसारख्या बॅरिस्टरास लिहावे लागले. अशा पत्रांचे आयुष्य वर्षांनी मोजणे अन्यायाचे आहे. एक पत्र मेले की काही काळाने त्याच हातांनी दुसरे उभे राहिले काय, हे पाहावे. बनसोडे यांच्या बाबतीत असे तीन वेळा झाले.

आणि हातही पुढे बदलत गेले. नागपुरात जन्मलेले डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेस 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक उभे केले आणि पन्नास वर्षांच्या आसपास ते वाहिले. दलित लेखकांच्या एका पिढीस पहिली छापील ओळ तेथे मिळाली. नागपूरच्याच वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांनी 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे जुने अंक संपादून १९९० साली एका खंडात सर्वांच्या हाती दिले. तसे झाले नसते तर त्या पत्रांविषयीही आपण आज केवळ ऐकीव गोष्टी सांगत बसलो असतो. अशा पत्रांचा कागद हलका, आणि घरे पावसाळ्यात गळणारी. मोठ्या वृत्तपत्रांचे अंक ग्रंथालये बांधून ठेवतात. मजुराच्या पत्राचा अंक पुडी बांधण्याच्या कामी येतो. बनसोडे यांच्या पत्रांविषयी सामान्य वाचकास आज जे सांगता येते, ते मुख्यत्वे नावे आणि वर्षे.

म्हणून विदर्भातील सुशिक्षित कुटुंबांस एक विनंती करावीशी वाटते. घरातील जुन्या पेट्यांत, माळ्यावरच्या गाठोड्यांत, आजोबांच्या वह्यांच्या पुठ्ठ्याखाली असा एखादा पिवळा पडलेला अंक निघाला, तर तो रद्दीत देऊ नये. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्यावा. पान फाटके असले तरी चालेल. त्याच्या तळाशी मुद्रकाच्या नावाची ओळ शाबूत असली, तरी एका माणसाने कोणाचीही परवानगी न मागता काय केले, याचा तेवढा पुरावा पुरेसा आहे.